पाण्याचा पहिला हंडा

शिमगा झाल्यावर आम्ही जुनं घर उतरवलं. त्याचे ऐनाचे वासे आणि तुळया अजून चांगल्या होत्या, त्याच नव्या घराला घालायच्या होत्या. लढाई चालू होती, बाजारात लोखंडी खिळासुद्धा धड मिळत नव्हता, तिथं नवीन लाकूड कुठून आणणार. कौलं पनवेलहून बैलगाडीनं आली. भिंती मात्र नेहमीच्याच, कारवीचा कूड आणि वर शेणमाती. घर उभं राहीपर्यंत गोठ्यात राहायचं ठरलं.

गोठ्यात उन्हाळ्यापुरतं राहता येतं. पाऊस लागल्यावर नाही. आमच्या कर्जतकडचा पाऊस ज्यांनी पाहिला नाही त्यांना हे सांगून कळायचं नाही. माझा पहिला मुलगा पावसाळ्यातच गेला. जुन्या घराची पश्चिमेची भिंत ओलीनं फुगायची आणि त्याच भिंतीशी माझं अंथरूण असायचं. त्याची छाती भरली आणि तो गेला. त्यानंतर मुलगी झाली. त्या वर्षी वैशाखात, अगदी कोरड्या हवेत, तिलाही तसाच खोकला लागला. मी नवऱ्याला सांगितलं, पाऊस पडायच्या आत मला हिला घेऊन नव्या घरात जायचं आहे. घर किती खणांचं झालं, दाराला कसलं नक्षीकाम केलं, मला काही घेणं नव्हतं.

कडावच्या भटजींनी वैशाख संपता संपता वास्तुशांतीचा मुहूर्त काढून दिला. तो शेवटचाच. पुढचा महिना अधिक, त्यात असलं कार्य करत नाहीत. त्यानंतर पाऊस, आणि मग देव झोपतात ते थेट तुळशीच्या लग्नाला उठतात. आणि शांत केल्याशिवाय घरात जायला सासूबाई तयार नव्हत्या. वास्तू भुकेली असते, तिचं तिला आधी द्यावं लागतं, नाही दिलं तर ती घरातलं माणूस घेते, असं त्या म्हणायच्या. जुन्या घराची शांत सासऱ्यांनी कधी केलीच नव्हती. माझा मुलगा गेला तो त्यामुळंच गेला, हे त्यांच्या मनात पक्कं बसलं होतं. मला ते पटत होतं का? पटत होतं. मूल गेलेली बाई असल्या गोष्टीत वाद घालत बसत नाही.

मुहूर्त आठ-दहा दिवसांवर आला आणि चुलतसासरे आजारी पडले.

सासरे वारल्यावर भावकीत तेच एक थोर होते. त्यांचं घर आमच्या गोठ्याला लागून, मधे एक कूड. आमचं त्यांचं बोलणं बंद होतं. नव्या घराचा पाया घातला तेव्हा त्यांचं म्हणणं पडलं की छपराच्या पागोळ्या त्यांच्या अंगणात पडणार. नवरा म्हणाला, पडणार नाहीत. ते कोयता घेऊन पायावर येऊन उभे राहिले. शेवटी आम्ही भिंत हातभर आत घेतली, पण तोवर दोन्हीकडून जे बोलायचं ते बोलून झालं होतं. त्यांची बायको, आमची काकी, तीही कमी बोलली नव्हती. सासूबाईंना तिनं गावासमोर लांडगी म्हटलं. त्यानंतर हळदीकुंकू बंद, विस्तव मागणं बंद, सगळं बंद.

पण सुतक काही बोलण्याचालण्यावर नसतं. काका गेले की आम्हाला दहा दिवस सुतक, मुहूर्त हातचा जाणार आणि पावसाळा गोठ्यात. त्यांचा मुलगा मुंबईला गोदीत कामाला होता. त्याला निरोप धाडला होता, पण तो अजून आला नव्हता. काकी एकटीच त्यांच्या उशाशी असायची. कुडाला कान लावला की त्यांच्या छातीतली घरघर मला ऐकू यायची. मी रोज पहाटे उठून आधी ती ऐकायचे. ती ऐकू आली की चूल पेटवायचे. लोकांना हे वाईट दिसेल. दिसू दे. मला काकांची काळजी नव्हती, त्यांच्या श्वासाची होती.

शांतीच्या दिवशी पहाटे घरघर ऐकू आली, पण मधे मधे थांबत होती.

मांडव घातला होता. खालापूरकडे दिलेली नणंद आदल्या दिवशीच आली होती. डोंगराखालच्या गावची भावकी गाड्या जोडून आली. वाडीवरचे ठाकर, ज्यांनी आमचे वासे उतरवायला आणि चढवायला हात लावला होता, ते मांडवाच्या कडेला बसले होते. भटजी उशिरा आले. आल्याबरोबर सासूबाईंनी त्यांना बाजूला घेऊन सगळं सांगून टाकलं. लपवाछपवी त्यांना जमत नसे. भटजींनी विचार केला आणि नियम सांगितला. सुतक लागतं ते कानावर आल्यावर. कानावर आलं नाही तोवर काही नाही. आणि एकदा कलश मांडून संकल्प सुटला, की मग मधे कोणी गेलं तरी कार्य थांबत नाही, ते पुरं करायचं. म्हणजे संकल्पापर्यंत काय ते सांभाळा.

सासूबाई सरळ वाजंत्र्यांकडे गेल्या. आमच्याकडे कोणी गेलं की घरची बाई हंबरडा फोडते, तीच गावाला बातमी. काकीचा आवाज मोठा होता. सासूबाईंनी सनईवाल्याला सांगितलं की मी सांगेपर्यंत थांबायचं नाही. नणंद मागून म्हणाली, "आणि जोरात रं. भाकरी पोटभर खाल्लीस ना सकाळी?"

तो वाजवत राहिला. संबळवाला वाजवत राहिला. कोणाचं बोलणं कोणाला ऐकू येत नव्हतं. भटजी चौरंग मांडत होते, त्यांनी दोनदा कानावर हात ठेवला. मी आणि नवरा दाराबाहेर उभे होतो, त्याच्या उपरण्याला माझ्या पदराची गाठ मारलेली. मुलगी सासूबाईंकडे होती. ती खोकत होती ते मला दिसत होतं, ऐकू येत नव्हतं.

आता घरात शिरायचं. आमच्या भावकीत एक रीत होती. नव्या घरात सगळ्यात आधी पाणी जायचं, आणि तो पहिला हंडा भावकीतल्या थोरल्या सवाष्णीनं डोक्यावरून आत न्यायचा. त्याच पाण्यानं कलश भरायचा. सासूबाई थोरल्या, पण त्यांचं कुंकू गेलेलं. मान काकीचा होता. बोलणं बंद असल्यामुळं आम्ही नणंदेला हंडा भरून उभं केलं होतं.

डोंगराखालच्या गावातला भावकीचा एक म्हातारा होता, रीतीभातीचा कडक. त्यानं हात वर करून वाजंत्री थांबवली.

"हे कुणाच्या हातचं पाणी?" त्यानं विचारलं.

नवरा म्हणाला, बहीण आहे.

"भैन दुसऱ्या घरची. थोरली सवाष्ण गावात हाय, भिंतीपल्याड हाय, आनि पाणी दिल्या घरची पोर नेनार? मंग आमी कशाला आलो? आमी उठतो."

म्हातारा मुद्दाम वैर काढत होता असं नाही. त्याला खरंच तसं वाटत होतं, आणि अशा माणसापुढं काही चालत नाही. भावकी उठली तर ती शांत काही शांत नव्हे. सासूबाई समजवायला लागल्या की ती घरच्या माणसाच्या उशाशी आहे, कशी येणार. म्हातारा म्हणाला, एक जण जा आणि विचारून या. ती नाही म्हणाली तर मग बघू.

मग सगळ्यांच्याच लक्षात आलं. विचारायला जाणार कोण? जो कोणी त्या उंबऱ्याच्या आत जाईल त्याला तिथं काय आहे ते दिसणार. काका जिवंत असले तर ठीक. नसले तर जाणारा माणूस सुतक घेऊनच मांडवात परत येणार. नवरा जाऊ शकत नव्हता, आम्ही गाठीत बांधलेले. सासूबाई दोन पावलं टाकून थांबल्या. नणंद हंडा डोक्यावर घेऊन उभी होती, तिची मान थरथरायला लागली होती. ती म्हणाली, "दादा, आत जाऊ का खाली ठेवू, एकदाचं सांग. मानेचा काटा ढिला झाला माज्या."



वाजंत्री पुन्हा सुरू करा असं म्हणायचंही कोणाला सुचलं नाही. सगळा मांडव गप्प झाला आणि मग ऐकू यायला लागलं. चुलाण्यावर वरण रटरटत होतं. आमचा गोऱ्हा दाव्याला ओढत होता. मुलगी खोकली. आणि लांबून एकदम एक बारीक लांब आवाज आला, तशी निम्मी माणसं उठून उभी राहिली. नवऱ्यानं माझा हात एवढा आवळला की बांगडी रुतली. ती कर्जतच्या ठेसनातली शिट्टी होती. घाट चढणाऱ्या गाडीला मागून इंजिन लावताना देतात ती. रोजची. त्या दिवशी ती कोणाला ओळखू आली नाही.

लोक खाली बसत होते तेवढ्यात विहिरीच्या वाटेनं काकी आली.

डोक्यावर तांब्याचा हंडा, हिरवं लुगडं, कपाळावर कुंकू. ती मांडवात शिरली तसे लोक आपोआप बाजूला झाले. म्हातारा मधे उभा होता, त्याला म्हणाली, "सरा वाईच. पाणी जड हाय."

तो सरला. नणंदेनं तोंड उघडलं, काका कसे आहेत हे तिच्या जिभेवर आलेलं मला दिसलं. सासूबाईंनी तिच्या दंडाला असा चिमटा काढला की तिचा हंडा हिंदकळून अर्धा तिच्याच अंगावर सांडला.  त्या मांडवात एवढी माणसं होती, आणि जे विचारायला हवं ते एकानंही विचारलं नाही.

काकी उजवा पाय टाकून आत गेली. मागून आम्ही गेलो. तिनं हंडा चौरंगाशी उतरवला आणि मी कलश पुढं धरला. ती ओंजळीनं पाणी घालत होती आणि मी तिच्या हातांकडं बघत होते. मनगटापर्यंत हात विहिरीवर धुतलेले होते. नखांत मात्र शेण होतं, ओलं आणि हिरवं. सारवण पहाटे होतं. काकीचं तर उजाडायच्या आत व्हायचं, कुडातून मला ऐकू यायचं. ऊन एवढं वर आल्यावर बाई घरात शेणाचा हात फिरवते तो एकाच कामासाठी. जमिनीवर माणसाला उतरवायला.

मी वर बघितलं. ती माझ्याकडंच बघत होती.

"बघतेस काय गं?" ती हळूच म्हणाली. "धर सरळ. सांडलं तं पुन्ना आनायला मी नाय यायची."

मी कलश सरळ धरला. भटजींना बोलले नाही, नवऱ्याला बोलले नाही. कानावर काही आलेलं नव्हतं. मी जे पाहिलं ते शेण होतं.

काकी आल्या वाटेनं परत गेली. तिच्या दाराची कडी लागल्याचं मी ऐकलं. भटजींनी संकल्प सांगायला घेतला, तो नेहमीपेक्षा भराभरा सांगितला, आणि नवऱ्याच्या हातावरून पाणी ताम्हनात पडलं. सासूबाई अंगणात खाली बसल्या. सनईवाल्याला कोणीतरी चहा दिला.

पुढचं सगळं नीट झालं. होम झाला. आग्नेयेच्या कोपऱ्यात खड्डा करून वास्तूची मूर्ती पुरली. धुरानं माझे डोळे चुरचुरत होते आणि मी त्या दारामागं काय चाललं असेल ते ऐकायचा प्रयत्न करत होते. काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं. संकल्प सुटला की सुतक आड येत नाही, हा नियम आमच्या मांडवात सगळ्यांना माहीत झाला होता. तिला कोणी सांगितलेला नव्हता. ती शेवटपर्यंत गप्प बसली. तेवढं बसायची काही गरज नव्हती. सांगायला जायचं तर मला गाठीतून उठता येत नव्हतं, आणि दुसऱ्या कोणाला पाठवायचं तर मला काय माहीत आहे ते बोलावं लागलं असतं.

आरती झाली. लोकांनी नमस्कार केले, भटजींनी गाठ सोडली. पानं मांडायला घेतली आणि पलीकडून हंबरडा आला.

ज्यांच्यापुढं पान आलं होतं ते तसेच उठले. सुतकाच्या घरी कोण जेवणार. भटजींनी शिधा आधीच गाडीत घातला होता, ते गेले. एवढं शिजवलेलं अन्न वाडीवरच्या ठाकरांनी खाल्लं, आणि उरलेलं टोपल्यांतून वर नेलं. त्यांनी ते आनंदानं खाल्लं आणि मला तेच बरं वाटलं.

काकांना अंघोळ घालायला ज्या बाया गेल्या त्या परत आल्या आणि कुजबुज सुरू झाली. अंग ताठलेलं होतं. हात सरळ होत नव्हते. आता गेलेला माणूस असा नसतो, सकाळीच गेलेला असणार. आणि मग एक एक जण हिशेब जुळवायला लागला, की पाणी आलं तेव्हा काका होते की नव्हते.

स्मशानातून लोक परत आले तेव्हा ऊन उतरलं होतं. भावकीचा म्हातारा आमच्या मांडवात उभा राहिला. त्यानं सांगितलं की घरात पहिलं पाणी रांडाव बाईच्या हातचं गेलं आहे. तिनं वैरानं केलं, घर नासवलं. ही शांत धरता येत नाही. सुतक फिटल्यावर, अधिक महिना गेल्यावर, पुढचा मुहूर्त निघेल तेव्हा पुन्हा करा. तोवर कोणी आत पाय ठेवू नका.

म्हणजे तुळशीच्या लग्नापर्यंत गोठा. नवरा मान खाली घालून उभा होता. मला माहीत होतं तो भावकीपुढं बोलणार नाही. मी बोलायला तोंड उघडलं, पण माझ्या आधी सासूबाई बोलल्या. दिवसभर त्या घराबाहेर होत्या. रांडाव म्हणून त्या स्वतःच्या मुलाच्या शांतीला उंबऱ्याच्या आत आल्या नव्हत्या. मुलगी अजून त्यांच्या खांद्यावर होती.

"तिच्या बांगड्या कवा फुटल्या?" त्यांनी विचारलं.

म्हातारा म्हणाला, आत्ताच की, तिरडी उचलायच्या आधी.

"कुंकू कवा पुसलं?"

"तवाच."

"माझं पुसलं तवा तुमीच हुता. श्वास गेला म्हनून नाय पुसलं. चार बाया बसल्या, बांगड्या फोडल्या, मंग मी रांडाव झाले. तवर सवाष्णच हुते. ही बी तवर सवाष्णच. पाणी त्याच्या आधीचं हाय."

म्हातारा म्हणाला, पण तिला माहीत होतं.

"तिला म्हाईत आसंल. तुमाला हुतं का? तुमी तं म्हनला थोरलीच्याच हातचं पायजे. आलं थोरलीच्या हातचं."

तो काही बोलायच्या आत सासूबाई वळल्या आणि घरात शिरल्या. मुलीला घेऊन त्या थेट मधल्या खणात गेल्या, पश्चिमेची भिंत सोडून पूर्वेच्या भिंतीशी कांबळं टाकलं आणि तिला निजवलं. मग आतूनच मला हाक मारली की चूल घाल, मला चहा पाहिजे. मी गेले.  म्हाताऱ्याच्या गाड्या अंधार पडायच्या आत निघाल्या.

काकीनं ते कशासाठी केलं यावर गावात बरीच वर्षं दोन मतं होती. काही म्हणायचे शाप द्यायला केलं, काही म्हणायचे ती देवमाणूस. देवमाणूस ती नव्हती, तिला ओळखणाऱ्या कोणालाही विचारा. काकांचे दिवस झाल्यावर मी तिला विहिरीवर गाठून सरळ विचारलं. पांढऱ्या कपाळानं ती निराळीच दिसत होती. ती म्हणाली, "तुजी पोर रातभर खोकायची. कूड तो केवढा. तुमी पावसाळाभर गोठ्यात म्हंजे मी पावसाळाभर जागी." मग दोर ओढता ओढता तिनं आणखी एक सांगितलं. म्हाताऱ्याचा आवाज मांडवातून तिच्या घरापर्यंत आला होता, थोरली सवाष्ण म्हणून. तिनं काकांच्या तोंडात तुळशीचं पान नुकतंच ठेवलं होतं. "मला वाटलं, परत तं कोनी म्हननार नाय. मंग गेले."

तिच्या म्हणण्यात तेवढंच होतं. नंतर तिला कोणत्याही शुभकार्याला पुढं बोलावलं नाही, आमच्याही नाही. मीही बोलावलं नाही. रीत तशी होती आणि ती माझ्यानं मोडली गेली नाही.

मुलगी वाचली. आषाढात एका दुपारी धो धो कोसळत होता, ती पूर्वेच्या भिंतीशी झोपली होती आणि मी तिच्या छातीवर हात ठेवून बघत होते. छाती मोकळी होती. तेवढ्यात बाहेरून काकीचा आवाज आला. अंगणात घोंगडी पांघरून उभी राहून ती सगळ्या आळीला ऐकू जाईल असं ओरडत होती की हातभर भिंत आत घेऊनही मेल्यांच्या पागोळ्या माझ्याच दारात पडतात.

पडत होत्याच. नवऱ्यानं दुसऱ्या दिवशी बांबू चिरून पन्हळ लावली.